अळणी डबा

हळद वेचणाऱ्या बाया दुपारी लिंबाखाली गोल करून जेवायला बसल्या, की एकमेकींच्या भाज्या चाखणं आलंच. यशोदाबाईच्या डब्याला मात्र कुणी हात लावत नसे. तिला बीपीची गोळी सुरू झाल्यापासून सून शिवकन्या गोळी गिळल्याबिगर तिला रानात जाऊ देत नव्हती, अन् भाजीत मीठ जेमतेम नावाला टाकत होती.

"सुनेला मीठ महाग झालं का काय?" पद्माबाई रोज विचारायची. बाया हसायच्या. यशोदाबाई खालमानेनं अळणी वांगं गिळायची अन् मनातल्या मनात सुनेचा उद्धार करायची.

दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात कोणी येत नाही, म्हणून आज दीक्षा सिस्टर बीपीचं मशीन घेऊन रानातच आल्या. जेवणाआधी त्यांनी एकेकीच्या दंडाला पट्टा बांधला. तिघी-चौघींचे आकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पद्माबाईला तर त्यांनी उद्याच दवाखान्यात यायला बजावलं. शेवटी यशोदाबाईचा आकडा पाहून त्या हसल्या.

"मावशी, एकदम बराबर आलंय. गोळी अन् जेवण असंच चालू ठेवा."

मग डबे उघडले.

संध्याकाळी यशोदाबाईनं रिकामा डबा सुनेपुढं ठेवला. "उद्यापासून भाजी जास्त देत जा, माय."

"अन् मीठ?" शिवकन्येनं भीतभीत विचारलं.

"मीठ हाय तेवढंच ऱ्हाऊ दे. आज तुझ्या हातचं बायांनी माझ्यासाठी घासभरबी ठेवलं न्हाई."