बोट पुसायची आहे

“बोट पुसून दे रे बाबा,” ठमाबाईने तसबीर टेबलावर ठेवत सांगितलं.

कुशाबा पेंटरने तसबीर खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी करून पाहिली. लोक फोटोला हात लावून लावून त्याची पार वाट लावतात, हे त्याला ठाऊक होतं. “कुणाचं बोट लागलंय? मला तर डाग दिसत नाही.”

“हाताचं बोट नाय रे मेल्या! ही बोट. पाण्यातली.”

आता मात्र कुशाबाच्या कपाळाला आठी पडली, कारण बोट त्याची होती. महाडच्या पेठेतला त्याचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक कॅमेरा आणि दोन पडदे. एक बागेचा, एक बंदराचा. बागेचा विकत आणलेला. बंदराचा त्याने स्वतः रंगवलेला, आणि तोही मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उन्हात बसून, येणाऱ्याजाणाऱ्याचे धक्के खात कागदावर उतरवून आणल्यावर. दोन धुराडी, डोलकाठी, नांगराची साखळी, पाण्यावरचा तेलाचा तवंगसुद्धा त्याने सोडला नव्हता. पडद्यापुढे छातीपर्यंत येणारा पांढरा लाकडी कठडा ठेवला, की माणूस डेकवर उभा वाटे. पोलादपूरपासून पाचाडपर्यंतची निम्मी माणसं पाय ओला न करता त्या बोटीवर चढून आली होती.

ठमाबाईचा हैबतीही चढला होता. अंगात कोट, मान ताठ, उजवा हात कठड्यावर. खलाशाची नोकरी लागली आणि मुंबईला जायच्या आधी त्याने हा फोटो काढून घेतला. बाग नको, बोट लावा, हेही त्यानेच सांगितलं होतं.

“पोर गेलं माझं,” ठमाबाई म्हणाली. “माल उतरवताना बोटीच्या पोटात पडलं. ह्यो एकच फोटो हाय त्याचा. पुढं दिवा लावायला गेले की आधी ही अवदसा दिसते, मंग पोर दिसतं. मला नुसतं पोर पायजे.”

कुशाबाला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, आधी बोटीचं वाटलं, मग हैबतीचं. “मावशी, बोट काढली तर फोटोत राहील काय? सगळी शोभा तिचीच आहे.”

ठमाबाईने पदराच्या टोकाने तसबिरीतला हैबतीचा चेहरा पुसला. आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येताच कुशाबा चटकन उठला आणि फळीवरच्या खोक्यांतून हैबतीच्या फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, शोधू लागला. फोटो छापून झाला तरी काच जपून ठेवायची त्याची सवय होती. त्या काचेवर लाल रंग लावला, की छापताना तेवढा भाग कोरा पांढरा निघतो. खिडकीपाशी बसून त्याने धुराडी झाकली, डोलकाठी झाकली. तवंगाशी त्याचा हात जरा रेंगाळला, पण तोही झाकला.

“कठडा राहू दे?”

“बोटीचाच ना तो?”

“बोटीचाच.”

“मंग तो बी नको.”

“अहो, पण त्याचा हात कठड्यावर आहे. कठडा काढला तर हात अधांतरी लोंबेल. खाली काहीतरी द्यायला हवं. उंच तिवई काढू? फुलदाणीची?”

“कसली तिवई नि काय! आमची ढवळी गाय काढ. लई जीव होता त्याचा तिच्यावर.”

“एवढी उंच गाय साऱ्या कोकणात मिळायची नाही, मावशी.”

“माझ्या खांद्यावर ठेवा.”

हे बोलली ती दाराशी बसलेली बनुबाई, हैबतीची बायको. सासूमागून येऊन ती तिथेच टेकली होती. कुशाबाचा कुंचला जागच्या जागी थांबला. जित्याजागत्या नवराबायकोला फोटोसाठी जवळ उभं करताना त्याच्या नाकी नऊ येत, आणि ही तर सासूच्या देखत खांदा पुढे करत होती. आता म्हातारी हिला फाडून खाणार, या धास्तीने त्याने मान खाली घातली.

“दोघांचा एक बी फोटो नाय आमचा,” बनुबाई सासूला म्हणाली. “पुढल्या खेपेला काढू, म्हणत होते.”

ठमाबाईने सुनेच्या मोकळ्या कपाळाकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“कुंकू मातुर ठसठशीत काढ रे,” ती कुशाबाला म्हणाली. मग सुनेकडे न बघताच, “जा गो. हुबी रहा.”

कुशाबाने दोन्ही पडदे गुंडाळून ठेवले आणि बनुबाईला कोऱ्या भिंतीपुढे उभं केलं. दोन फोटो कापून शेजारी शेजारी चिकटवायचे, सांधा रंगाने बुजवायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो घ्यायचा, हे त्याने तिला समजावून सांगितलं. तिने मान हलवली. तो कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात शिरला आणि लगेच बाहेर आला.

“बाई, डावा खांदा खाली गेलाय. सरळ धरा.”

तिने धरला. तो आत शिरेपर्यंत खांदा पुन्हा उतरला होता.

“अहो, सरळ! हात मी मागाहून जोडणार आहे.”

“जोडा की,” बनुबाई म्हणाली. “पण जड हाय हात त्यांचा.”