नसलेलं दुखणं

संघमित्राने कुठल्याही बिल्डिंगला, कसल्याही जोडणीत बसेल असा ट्रान्सफॉर्मर बनवला होता. पुढच्या संशोधनाला निधी हवा, म्हणून ती अंधेरीतल्या एका टॉवरच्या अठराव्या मजल्यावर समितीसमोर उभी होती. एसी थंडगार, काजू खारे, साहेब निवांत.

"मॅडम, मुंबईत लाइट जाते का कधी? नसलेल्या दुखण्यावर औषध कशाला? नामंजूर."

साहेब हसले. मग बाकीचेही हसले, त्यांना तेवढंच काम होतं.

संघमित्राने खाली थांबलेल्या तिच्या मदतनीसाला, सहदेवला फोन लावला. "नाही म्हणाले रे. काढ आपला."

"काय काढताय?" साहेबांनी विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर, सर. तुमच्या बिल्डिंगचा परवा रात्री जळला. तसाच नवा बनून यायला सहा महिने लागतील. तोवर बिल्डिंगवाल्यांनी चाचणी म्हणून रातोरात माझा बसवून घेतला, म्हणून तुम्हाला कळलंच नाही. पण तुम्हीच नामंजूर केलेली वस्तू तुमच्या गळ्यात कशी मारू? चला, लिफ्ट चालू आहे तोवर उतरून घ्या."

साहेबांनी काजूची बशी तिच्यापुढे सरकवली.

"बसा ना मॅडम. आणि त्या सहदेवला म्हणावं, जरा थांब बाबा."