रिकामा खड्डा

आमच्या भागातून दिल्लीला गेलेल्या मंत्र्यांना तिथे गोल्फचं वेड लागलं. अमेरिकेचे अध्यक्ष पूर्वीपासून देश चालवता चालवता गोल्फ खेळत आले आहेत, हे ते कापसाच्या भाषणातही सांगायचे. शेतकरी मेळाव्यासाठी ते चोपड्याजवळ आमच्या गावी मुक्कामाला येणार, म्हणून तहसीलदारांनी झुलालनानांचं पडीक रान सपाट करून घेतलं आणि त्यात नऊ खड्डे खणायला नानांनाच सांगितलं. कशासाठी, ते सांगायचं राहून गेलं.

सकाळी मंत्री पांढरी टोपी घालून, गोल्फची काठी घेऊन ॲम्बेसेडरमधून उतरले. नऊही खड्ड्यांत शेणखत घालून केळीचे कंद लावलेले होते. वर पाणीही दिलेलं.

"नाना, हे काय केलं?" तहसीलदारांनी विचारलं.

"आम्ही खंदेल खड्डा रिकामा ठेवतस नही, साहेब," नाना शांतपणे म्हणाले.

मंत्री मोठ्याने हसले. काठी ड्रायव्हरकडे देऊन ते बांधावरच बसले. नानांनी केळ्यांची फणी पुढे केली. मंत्र्यांनी एक खाल्लं, मग दुसरं सोललं.

"असं गोड केळं दिल्लीत मिळत नाही, नाना. कोणत्या मळ्यातलं?"



"मांगे दवाखानाना भूमिपूजनले तुम्ही खड्डा खंदा व्हता ना, साहेब. तठलंच हाई केळं शे."