सनई कोण वाजवते?

दीक्षाचे वडील नत्थू चाळीस वर्षं लोकांच्या लग्नात सनई वाजवत. डीजे आले, बोलावणी थांबली, तेव्हा ते सावनेर सोडून नागपुरात आले आणि सक्करदऱ्याच्या एका इमारतीत चौकीदार झाले. दीक्षा अधिकारी होण्यासाठी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. वाद्यं आणि त्यांचे प्रसिद्ध वादक ती मोठ्यानं पाठ करायची. सनई आली की नत्थू म्हणत, "ते पुन्हा एक डाव वाच वं." लेखी परीक्षा ती पास झाली. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, "संतूर?" "शिवकुमार शर्मा." "सनई?" "बिस्मिल्ला खाँ." साहेब खूश झाले. "प्रत्यक्ष ऐकलीय कधी सनई, अगदी जवळून?" हो म्हटलं असतं, तर कुठे ते सांगावं लागलं असतं. मांडवाबाहेर उभं राहून वाजवणारे आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसणारे वडील सांगावे लागले असते. "नाही, सर," दीक्षा म्हणाली. ती घरी आली, तर नत्थू दारातच उभे होते. "काय इचारलं वं तुले?" "सनई कोण वाजवते, म्हणून इचारलं." "मंग?" "बिस्मिल्ला खाँ सांगितलं." "बरोबर सांगितलं," नत्थू मनापासून हसले. "मले वाटलं, घाबरून माहंच नाव सांगून येतं का काय!" दीक्षाला त्यांच्याकडे बघवेना. चप्पल काढायचं निमित्त करून ती कितीतरी वेळ खाली वाकून राहिली.