सैल गाठी

परीक्षक बाई जिना चढून वर येईपर्यंत गाठीवाल्या सरांनी टेबल एकदा पुसलं आणि कपाळ चारदा.

गणित-संख्याशास्त्र विभागात दारावरच्या नावाखाली संशोधनाचा विषय रंगवायची रीत होती. सरांच्या दारावर होतं, 'सैल गाठींचं संख्याशास्त्र'. असा विषय जगात नव्हता. तरुणपणी, रंगारी ब्रश घेऊन खोळंबला असताना, सरांना तो स्वतःच्या बुटाच्या नाडीकडे बघून सुचला होता. मग लाज राखायला त्यांनी जडजंबाल शब्द जुळवून दोन पानांचा लेखही छापून आणला.

पुढे कोणी काही विचारलंच नाही. दुसऱ्याचा विषय विचारायचा म्हणजे आपल्याला तो कळत नाही हे चारचौघांत कबूल करायचं. त्यापेक्षा सगळे माना डोलवायचे. सरही डोलवायचे. डोलवून डोलवून मान आखडली होती.

आता वरून फर्मान आलं होतं. ज्याचा विषय पोकळ निघेल त्याची खोली जाणार, आणि तो निवृत्तीपर्यंत तळमजल्यावर पहिल्या वर्षाला टक्केवारी शिकवणार. सरांना तपासायला आल्या होत्या सैल गाठींच्या तज्ज्ञ. नसलेल्या विषयाच्या तज्ज्ञ!

बाई खुर्चीत टेकल्या. त्याही दमलेल्या दिसत होत्या.

"तुमच्या लेखातली ती व्याख्या," त्या सावकाश म्हणाल्या, "गाठ पूर्ण सुटली तरी लागू पडते का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला तुमच्याकडून ऐकायचंय, सर."

"तसं बघायला गेलं तर... पडते."

"आणि नाही पडली तर?"

"तर मग नाही पडत."

बाईंनी मान डोलवली. सरांनी ते डोलवणं लगेच ओळखलं. उभा जन्म त्यांनी दुसरं केलं काय होतं? छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, थकलो हो आता. तुमचं-माझं दुखणं एकच. तो लेख म्हणजे निव्वळ थाप होती. मला तेवढं वर राहू द्या, मी तुमच्याबद्दल कुठे ब्र काढणार नाही."

बाई खुर्चीतून उठल्या. मग हसून म्हणाल्या, "आधीच सांगायचंत ना, सर."

सर हलक्या पावलांनी त्यांच्यामागून विभागप्रमुखांच्या खोलीपर्यंत गेले आणि बाहेर बाकावर निवांत बसले. दार अर्धवट उघडं होतं.

"काय मग, विषय पोकळ निघाला?" प्रमुखांनी विचारलं.

"छे! विषय अस्सल आहे. शस्त्रक्रियेचे टाके किती दिवस धरतील हे आता आम्ही त्याच व्याख्येवरून सांगतो. ती लिहिणाऱ्याचे पाय धरायला मी आले होते." बाईंचा आवाज खाली आला. "पण पोलिसांना कळवा. तुमच्याकडे त्याच्या नावावर भलताच कोणीतरी बसलाय."