मथुराबाईंचं उड्डाण

मथुराबाई विमानात बसल्या, त्यांनी पट्टा आवळला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात खालून अर्शियाचा आवाज आला, "सर, इंजिन सुरू करू नका!"

वाघोलीच्या पुढे, शेतांमधल्या छोट्या धावपट्टीच्या कडेला बद्रीनाथांचं जुनं दोन आसनी विमान उभं होतं. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. विमानाच्या नाकाखाली गवतावर एक निळा थेंब पडला. मग दुसरा. विमानाच्या पेट्रोलला ओळखीसाठी निळा रंग देतात, त्यामुळे गळतीही लपत नाही.

बद्रीनाथ खाली उतरले. हृदयाच्या दुखण्यामुळे वैमानिकाचा परवाना त्यांना पुन्हा मिळणार नव्हता. हातातल्या परवान्याचा आजचा दिवस शेवटचा होता. लग्न झाल्यापासून ते बायकोला, मथुराबाईंना, "एकदा चल" म्हणत आले होते आणि ती घाबरून नाही म्हणत आली होती. आज सकाळी मात्र तीच चपला घालून दारात उभी राहिली होती.

विमानाची देखभाल करणाऱ्या अर्शियाने पेट्रोलचा कॉक बंद केला. थेंब थांबले. उघडला, तसे पुन्हा पडू लागले.

"कार्बोरेटर," बद्रीनाथ म्हणाले.

"हो. पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली कचरा अडकला असेल तर बरं."

कचरा नव्हता. कार्बोरेटर काढून उघडल्यावर तिने आतला पोकळ पितळी फ्लोट कानाशी नेऊन हलवला आणि बद्रीनाथांच्या हातात दिला. त्यांनीही हलवला. आत पेट्रोल डुचमळत होतं. पाण्याच्या टाकीतला चेंडू बुडाला की नळ बंद होत नाही, तसंच झालं होतं.

"भोकाला सोल्डर मारून?"

"वजन बदलेल, सर. नवाच मागवावा लागेल."

"अगं, थेंब थेंब तर गळतंय. हिच्या माहेरच्या कात्रजवरून एक चक्कर मारून लगेच उतरतो. घाल परत जागेवर."

अर्शियाने हात पुसले. "एक्झॉस्टचा पाइप वीतभर अंतरावर आहे, तापला की भडका उडेल. आणि शेजारी काकू आहेत."

 फ्लोट तिच्या तळहातावर ठेवून बद्रीनाथ विमानाच्या दाराशी गेले. "उतर. नाही जमत आज."

मथुराबाईंनी डोळे उघडले. "म्हणजे कधीच नाही."

"हं."

"मग मी नाही उतरणार. जन्मात एकदा धीर केलाय." त्यांनी पदर कानावरून घेतला. "बसा इकडे. न्या मला."

बद्रीनाथांनी अर्शियाकडे पाहिलं. तिने कॉक बंद असल्याची पुन्हा खात्री केली, बॅटरीची तार सोडवली, सांडलेलं पुसून काढलं आणि मान हलवली.

बद्रीनाथ चढून बसले. दार लावलं. विमान चालवायचा दांडा हातात घेतला आणि हळूच मागे ओढला. शेतावरून वारा आला, पंख किंचित डोलले. समोरच्या काचेबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"सुटलो का हो?" मथुराबाईंनी विचारलं.

"केव्हाच. ती बघ नदी. उजवीकडे येरवडा."

"आणि आमचं कात्रज?"

"येतंय." बराच वेळ ते समोर बघत राहिले. "हे आलं. डोंगर. तळं. तळ्याच्या अलीकडे तुमची विहीर, तिच्यावरचं उंबराचं झाड. भाऊ मोट हाकतोय तुझा."

मथुराबाई काचेला कपाळ टेकवून बघू लागल्या. "तिथं आता मोठाल्या बिल्डिंगा झाल्यात ना?"

"वरून नाही दिसत त्या."

 पंख पुन्हा डोलले. त्यांनी चटकन नवऱ्याचं मनगट धरलं, पण डोळे मिटले नाहीत. खाली, हातभर अंतरावर, दवाने भिजलेलं गवत हलत होतं.

"अहो," त्या कुजबुजल्या, "वळताना जरा बेतानं. केवढ्या उंचावर आलोय आपण!"