दोन दारांची घंटी

शिवकन्येनं डिप्लोमाच्या प्रदर्शनासाठी ऑर गेट वापरून चोरघंटी बनवली. पुढचं दार उघडो नाहीतर मागचं, घंटी वाजायचीच. पहिला नंबर आला. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, कौतुकानं ती ताडकळसच्या घरी दोन्ही दारांना बसवून घेतली.

पुढच्याच महिन्यात त्यांनी तिचं लग्न ठरवलं. "आता परीक्षा कशाला?" म्हणून तिचं बाहेर जाणंच बंद केलं. घंटी वाजली की ते धावत यायचे. वायर तोडली तरी ती वाजायची. शिवकन्येनंच ती तशी पक्की केली होती.

पेपरच्या दिवशी सकाळी अण्णा आंघोळीला गेले आणि मायनं मागचं दार सताड उघडलं. घंटी कर्कश वाजू लागली.

"कोण हाय?" अण्णांनी न्हाणीतून डोकावून विचारलं.

"मी हाय. म्हशीला पाणी दावायलेय."

मायला दारात उभी बघून ते परत आत गेले. माय हळूच म्हणाली, "हॉल तिकीट घे अन् पुढच्या दारानं जाय. परभणीची गाडी यायलीय."

शिवकन्या थक्क झाली. एक दार उघडं असलं की दुसऱ्यानं आवाजात काहीच फरक पडत नाही, हे चौथी शिकलेल्या मायला कसं कळलं? "तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"सांगतंय कोण? आठ दिवस झाले, ते न्हाणीत गेले की मी दोन्ही दारं उघडून बघायलेय."